कॅलिस्टोगाचा गीझर, मड बाथ आणि वाइन : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियातील नापा खोरे वाइनसाठी जगभर ओळखले जाते; परंतु त्याच खोऱ्याच्या अगदी उत्तर टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे १२० किलोमीटरवर, कॅलिस्टोगा नावाचे पाचेक हजार वस्तीचे गाव आहे आणि त्याची मूळ ख्याती वाइनपेक्षा गरम पाण्याची आहे. गीझर म्हणजे जमिनीतून ठरावीक अंतराने उसळणारे गरम पाण्याचे कारंजे, खनिजयुक्त गरम पाण्याचे तलाव, ज्वालामुखीच्या राखेच्या गरम चिखलातले स्नान म्हणजेच मड बाथ आणि हाकेच्या अंतरावरच्या वायनऱ्या हे सारे इथे एका दिवसात बसवता येते. मात्र पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण वाटेत दिसेल त्या वायनरीत थांबत थांबत गावात पोहोचतात, आणि दुपारी स्पाच्या दारात उभे राहतात तेव्हा पोटात मद्य, अंगात थकवा आणि हातात निसटत चाललेली वेळ अशी स्थिती असते. दिवसाचा क्रम आधी गीझर, मग स्पा आणि शेवटी वाइन असाच असावा, आणि आरक्षण करताना मात्र स्पाची वेळ सर्वांत आधी पक्की करून बाकीचे तिच्याभोवती बसवावे. पुढील सर्व सूचना या क्रमाला धरून आहेत.

आधी काय कुठे आहे ते समजून घ्यावे

नकाशावर शोध घेताना दोन गोंधळ हमखास होतात. पहिला नावाचा. ‘ओल्ड फेथफुल’ हा जगप्रसिद्ध गीझर वायोमिंग राज्यातील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहे. तो साधारण दीड तासाने उसळतो आणि शंभर फुटांच्या वर जातो. कॅलिस्टोगात आहे तो ‘ओल्ड फेथफुल गीझर ऑफ कॅलिफोर्निया’. हा खासगी आवारात, तिकीट काढून पाहायचा गीझर असून त्याची उंची बरेचदा साठ फुटांच्या आसपास, कधी कमी तर कधी जास्त असते. शिवाय त्याचे मुख निसर्गाने घडवलेले नाही. जमिनीत पूर्वी पाडलेल्या एका विंधनविहिरीतून हे पाणी वर येते. खाली उष्णता आणि पाणी निसर्गाचे, वाट मात्र माणसाने करून दिलेली. यलोस्टोनची छायाचित्रे मनात ठेवून गेल्यास हा गीझर लहान वाटतो, आणि ती बाजूला ठेवून गेल्यास अर्ध्या-पाऊण तासात अगदी जवळून पाहायला मिळणारा तो एक उत्तम धडा ठरतो.

दुसरा गोंधळ ‘द गीझर्स’ या नावाचा. कॅलिस्टोगाच्या वायव्येस मायाकामस डोंगरांत, सोनोमा आणि लेक या दोन कौंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) हद्दीवर हे क्षेत्र पसरलेले आहे. नाव काहीही असले तरी तिथे एकही गीझर नाही. तिथे जमिनीतून निघते ती कोरडी वाफ, आणि त्या वाफेवर १९६० पासून वीजनिर्मिती चालते. भूऔष्णिक ऊर्जेचा हा जगातील सर्वांत मोठा प्रकल्पसमूह मानला जातो. वाफ आटू नये म्हणून सांता रोझा शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी २००३ पासून नळाने डोंगरावर नेऊन जमिनीत सोडले जाते, हे अभियंत्यांनी मुद्दाम वाचावे असे प्रकरण आहे. पण तो कारखान्यांचा परिसर आहे, सहलीचे ठिकाण नव्हे; गाडीतील नकाशाने तिकडे वळवले तर वळू नये. टब्स लेन या रस्त्याचे नाव टाकून शोधले की योग्य जागी पोहोचता येते.

आणखी एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्यावी. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे किंवा राजापूरजवळचे उन्हाळे पाहिलेल्यांच्या मनात गरम पाण्याचा झरा म्हणजे देवळाशेजारचे, सर्वांना खुले असलेले दगडी कुंड असते. कॅलिस्टोगात तसे सार्वजनिक कुंड नाही. इथले गरम पाणी विहिरींतून उपसले जाते, ते वर येते तेव्हा उकळत्या पाण्याच्या जवळपास असते, आणि अंगाला सोसेल इतके निववून ते हॉटेलांच्या व स्पांच्या बांधीव तलावांत सोडले जाते. या भागातील खडक काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांतून तयार झालेले आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तापलेल्या खडकांना भिडते आणि पुन्हा वर येऊ पाहते. मड बाथमधील राखही त्याच उद्रेकांची देणगी होय.

या पाण्याचा उपयोग येथील मूळ रहिवासी वापो लोक पिढ्यानुपिढ्या करत आले होते. त्यांच्या भूमीवर १८६० च्या सुमारास सॅम ब्रॅनन या सॅन फ्रान्सिस्कोच्या धनाढ्य वृत्तपत्रमालकाने मोठी जमीन घेतली, १८६२ मध्ये तिथे आरोग्यस्नानाचे विश्रामस्थान उघडले आणि १८६८ मध्ये आगगाडीही गावापर्यंत पोहोचली. ब्रॅनन पुढे कफल्लक होऊन १८८९ मध्ये वारला. गाव मात्र त्याच्या कल्पनेवर आजही चालते.

महिना आणि वार

जानेवारी ते मार्च हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. हवा थंड असल्यामुळे गरम तलावात बसण्याला अर्थ येतो, गीझरची वाफ दाट दिसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षवेलींच्या ओळींमधून मोहरीची पिवळी फुले फुललेली असतात आणि दरही तुलनेने उतरलेले असतात. पाऊस पडण्याची शक्यता असते, पण गरम पाण्यात बसलेल्याला पावसाची अडचण क्वचितच होते.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा द्राक्षतोडणीचा हंगाम. वाइन कशी तयार होते हे ज्यांना पाहायचे आहे त्यांच्यासाठी हा काळ योग्य, पण तेव्हा गर्दी, भाडे आणि तापमान तिन्ही चढलेले असतात. दुपारी ३५ अंश सेल्सियस तापमान असताना चाळीस अंशांच्या चिखलात उतरण्याची इच्छा फार कमी जणांना होते. याच काळात वणव्यांचा धोकाही असतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये बावीस बळी घेणारा टब्स वणवा गीझरच्याच टब्स लेन परिसरात पेटला होता, आणि सप्टेंबर २०२० च्या ग्लास वणव्याने खोऱ्यातील अनेक वायनऱ्यांचे नुकसान केले. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरचे आरक्षण करताना ते रद्द केल्यास पैसे परत मिळतील का हे वाचूनच पुढे जावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी हवेतील धुराचा निर्देशांक पाहावा.

सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस सुटीचा मिळत असेल तर तोच घ्यावा. शनिवारी स्पा महागतात, आणि काही ठिकाणी तलावाची सोय फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी राखून ठेवली जाते.

स्पा निवडणे आणि वेळ राखून ठेवणे

गावातील स्पांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. काहींत मुख्य आकर्षण मड बाथ असतो, तर काहींत पाण्याचे तलाव. ‘इंडियन स्प्रिंग्ज’ हे ब्रॅननच्या मूळ विश्रामस्थानाच्या जागेवरच उभे आहे. तेथील १९१३ मध्ये बांधलेला प्रचंड तलाव आवारातील गीझरांच्या पाण्यावर चालतो आणि मड बाथसाठी तिथे निव्वळ ज्वालामुखीय राख वापरतात. ‘डॉक्टर विल्किन्सन्स’ हे १९५२ पासूनचे ठिकाण असून तेथील चिखलात राखेबरोबर पीट, म्हणजे दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती, मिसळलेली असते. ‘कॅलिस्टोगा स्पा हॉट स्प्रिंग्ज’ येथे निरनिराळ्या तापमानांचे चार तलाव आहेत आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ते सोयीचे पडते. पती-पत्नींना एकाच खोलीत मड बाथ घ्यायचा असेल तर ‘गोल्डन हेवन’सारखी ठिकाणे आहेत. याहून बरीच महाग हॉटेलेही आहेत. तिथे पैसे प्रामुख्याने खोलीचे आणि बागेचे असतात, पाणी सगळीकडे त्याच जमिनीतले.

राखेचा चिखल जड, दाट आणि अधिक तापणारा असतो. पीट मिसळलेला चिखल हलका, धागेदार आणि अंगावरून निघायला थोडा चिवट. पहिल्यांदाच जाणाऱ्याने, आणि विशेषतः बंदिस्त जागेत घाबरणाऱ्याने, पीट मिसळलेला निवडावा असे सांगणारे अनेक जण भेटतील. माझे मत वेगळे आहे : इतक्या लांब जाऊन मड बाथ घ्यायचाच असेल तर या भूमीची खास राख असलेलाच घ्यावा. ज्यांना चिखलाची कल्पनाच रुचत नाही त्यांनी केवळ खनिज पाण्याचा टब किंवा तलाव घ्यावा. त्यात काही उणे नाही, आणि खर्चही निम्म्याच्या आसपास येतो.

मड बाथचा पूर्ण क्रम, म्हणजे चिखल, शॉवर, खनिज पाण्याचा टब, वाफेची खोली आणि शेवटी चादरीत गुंडाळून विश्रांती, साधारण तासाभराचा असतो आणि त्याला माणशी शंभर डॉलरच्या वर लागतात. मालीश घेतल्यास त्याचे वेगळे. आरक्षण करताना चार प्रश्न विचारून घ्यावेत : तलावाचा वापर या दरात धरला आहे का, स्त्रिया व पुरुष यांचे विभाग वेगळे आहेत का, पोहण्याचे कपडे घालून चिखलात उतरता येते का, आणि बिलात सेवेचे शुल्क आधीच लावले जाते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असल्यास १८ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे. सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यानची वेळ मिळाली तर दिवस सर्वांत चांगला बसतो.

लहान मुलांना मड बाथमध्ये घेत नाहीत. तेव्हा दोन प्रौढ आणि मुले असा लवाजमा असेल तर दोघांच्या वेळा एकापाठोपाठ घ्याव्यात आणि दरम्यान एकाने मुलांबरोबर तलावावर थांबावे.

कोणी उतरू नये

भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणारी मराठी कुटुंबे सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात पुष्कळ आहेत, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने. गरम चिखलात शरीर चहूबाजूंनी वेढलेले असल्यामुळे घामाने अंग निववण्याची नेहमीची सोय उरत नाही. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब खाली येतो आणि हृदयाचे काम वाढते. हृदयविकार असलेले, रक्तदाबावर नियंत्रण नसलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि गर्भवती यांनी मड बाथ घेऊ नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळत नाही, त्यांनीही टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. प्रवासविम्यावर आलेल्या पालकांना इथे भोवळ येऊन पडणे कोणालाच परवडणारे नसते. अशा ज्येष्ठांसाठी कोमट पाण्याच्या तलावात पाय सोडून बसणे हा चांगला पर्याय आहे.

अंगावर उघडी जखम असेल तर चिखलात जाऊ नये, आणि त्या दिवशी दाढी किंवा हातापायांचे केस काढलेले नसावेत. चिखल दर पाहुण्यासाठी नवा नसतो. दोन पाहुण्यांच्या मधल्या वेळात त्यात कढत खनिज पाणी सोडून तो तापवतात व ढवळतात. ज्यांच्या मनाला हे पटत नाही त्यांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

वाट

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पुलावरून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने, तर फ्रिमाँट, सनिव्हेल या बाजूने ६८० ने बेनिशियाचा पूल ओलांडून नापा शहर गाठावे. पहिल्या वाटेला दीड तास, दुसरीला दोन तास किंवा अधिक लागतात. नापापासून पुढे दोन समांतर रस्ते आहेत. २९ क्रमांकाचा महामार्ग प्रत्येक गावातून आणि नामांकित वायनऱ्यांच्या दारावरून जातो, त्यामुळे तो सदैव तुंबलेला असतो. पूर्वेकडचा सिल्व्हराडो ट्रेल थेट कॅलिस्टोगापर्यंत जातो, त्यावर गावे नाहीत आणि दृश्यही अधिक मोकळे आहे. जाताना सिल्व्हराडो ट्रेलच घ्यावा.

गाडी नसलेल्यांसाठी नापा ते कॅलिस्टोगा अशी व्हाइन ट्रान्झिटची १० क्रमांकाची बस आहे. पण गीझर गावाबाहेर असल्यामुळे तिथपर्यंत टॅक्सी किंवा सायकल लागते.

गीझरपाशी

शक्यतो आवार उघडण्याच्या वेळेसच पोहोचावे. त्या दिवशी गीझर किती मिनिटांनी उसळत आहे हे तिकीटखिडकीवर विचारावे, कारण हे अंतर कायम सारखे नसते. भूजलाची पातळी आणि पावसाळा कसा झाला यांवर ते बदलते. काही काळ अर्ध्या तासाच्या आतबाहेर, तर काही काळ बरेच अधिक. म्हणून गीझरसाठी दीड तास राखून ठेवावा. म्हणजे एक उसळी हुकली तरी दुसरी मिळते, आणि पहिली पाहून झाल्यावर दुसरीच्या वेळी कुठे उभे राहायचे हे कळलेले असते.

उभे राहण्याची जागा वारा ठरवतो. वाफ ज्या दिशेने वाहते त्याच्या विरुद्ध बाजूस बसावे, आणि जमल्यास सूर्य पाठीशी ठेवावा. मग पाण्याच्या तुषारांत इंद्रधनुष्य दिसण्याची शक्यता असते. सुरुवात अगदी साधी असते. दगडांनी वेढलेल्या डबक्यातील पाणी आधी नुसते हलते, कडेवरून थोडे ओघळते, मग दोन-तीन वेळा गुडघाभर उंच थपकन उडून पुन्हा बसते. पहिल्यांदा आलेले लोक इथेच भ्रमणध्वनी खाली ठेवतात. त्यानंतर क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाण्याचा खांब एकदम सरळ वर जातो. पाणी थकून खाली आले तरी वाफ बराच वेळ फुसफुसत राहते.

यामागचे कारण मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे. खोलवर वरच्या पाण्याचा दाब असल्यामुळे तेथील पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. वरून थोडे पाणी ओसंडून गेले की दाब घटतो, तापलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, आणि ती वाफ वरचे सगळे पाणी अरुंद नळीतून बाहेर फेकते. नळी पुन्हा भरून तापायला जो वेळ लागतो तेच दोन उसळ्यांमधले अंतर. ते सुरुवातीचे गुडघाभर उडणे म्हणजेच दाब घटण्याची सुरुवात.

या गीझरचे नाव भूकंपशास्त्रातही आलेले आहे. ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपासह उत्तर कॅलिफोर्नियातील तीन मोठ्या भूकंपांच्या एक ते तीन दिवस आधी याच्या उसळण्याच्या अंतरात बदल झाला होता, असे निरीक्षण पॉल सिल्व्हर आणि त्यांच्या सहलेखिकेने १९९२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्याचा भाकितासाठी वापर मात्र झालेला नाही; आवारातील फलक वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

मुलांना गीझरइतक्याच आवडतात त्या तेथील शेळ्या. दचकल्या की यांचे स्नायू ताठरतात आणि काही जणी कडेला कलंडतात. हा जन्मजात स्नायुदोष असून त्यांना त्यात वेदना होत नाहीत, तरीही मुलांना मुद्दाम ओरडू देऊ नये. बसून खाण्यासाठी तिथे बाकेही आहेत.

जेवण

स्पाच्या दीड-दोन तास आधी हलके खावे. भरल्या पोटी चिखलात मळमळते आणि रिकाम्या पोटी भोवळ येते. कॅलिस्टोगात साखळी उपाहारगृहांना गावाच्या नियमानुसार मनाई आहे, त्यामुळे वाटेत कुठेही हुकमी मिळणारे शाकाहारी बरिटो इथे त्याच ओळखीच्या पाटीखाली मिळणार नाहीत. लिंकन अव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर स्थानिक खानावळी आणि कॅल मार्ट हे किराणा दुकान आहे. घरून दशम्या किंवा धपाटे आणि कोरडी चटणी नेणे सर्वांत उत्तम. गीझरच्या आवारातील बाकांवर ते निवांत खाता येतात. वायनऱ्यांच्या आवारात मात्र बाहेरचे खाणे सहसा चालत नाही.

स्पामध्ये

वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे, कारण उशीर झाल्यास तो तुमच्याच तासातून वजा होतो. लॉकर, झगा, टॉवेल आणि सपाता मिळतात.

दागिने गाडीत किंवा घरीच ठेवून यावेत. या पाण्यात गंधक असते आणि गंधकाने चांदी काळी पडते; त्यामुळे जोडवी, पैंजण, चांदीच्या अंगठ्या आणि साखळ्या आठवणीने काढाव्यात. सोने काळे पडत नाही, पण मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांमध्ये राखेचे बारीक कण जाऊन बसतात आणि ते निघता निघत नाहीत. ज्यांना मंगळसूत्र काढणे मान्य नाही त्यांनी चिखलाऐवजी खनिज पाण्याचा टब घ्यावा. लांब केस वर घट्ट बांधावेत, आणि फिक्या रंगाचे पोहण्याचे कपडे टाळावेत.

विवस्त्रतेचा प्रश्न आपल्याकडील बहुतेकांना अडतो, म्हणून तो स्पष्टच लिहिलेला बरा. जुन्या पद्धतीच्या स्पांत मड बाथ सहसा विवस्त्र घेतात. स्त्रियांचा विभाग वेगळा, पुरुषांचा वेगळा, आणि मदतनीसही त्या त्या विभागानुसार. विभागातील इतर पाहुण्यांचे टब शेजारीच असू शकतात. कोणी कोणाकडे पाहत नाही, पण संकोच वाटत असेल तर पोहण्याचे कपडे चालतात का हे आरक्षणाच्या वेळीच विचारलेले असावे. सासू-सुनेने किंवा सासरे-जावयाने एकाच वेळेचे आरक्षण घेण्याआधी या परिच्छेदाचा विचार करावा.

टब म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा बांधीव हौद असतो आणि त्यात करडा-काळा चिखल काठोकाठ भरलेला असतो. कडेवर बसून, दोन्ही हात टेकून, आधी बूड टेकवावे आणि मग पाय आत घ्यावेत. शरीर आत जात नाही. चिखल इतका दाट असतो की माणूस वरच तरंगत राहतो. मग मदतनीस दोन्ही हातांनी चिखल ओढून पोटावर, मांड्यांवर आणि छातीवर थापतो, आणि त्या वजनाने अंग हळूहळू खाली बसू लागते. वरचा थर सोसवेल इतपत असतो, पण टाच खाली रुतवली की तळाशी चांगलेच ऊन लागते. म्हणून पाय फार हलवू नयेत. छातीवरचे वजन जड वाटले तर तेवढा चिखल काढायला सांगावे, किंवा दोन्ही हात चिखलाबाहेर ठेवावेत. त्याने उष्णता बरीच कमी भासते. कपाळावर थंड पाण्याची घडी आणि पिण्यासाठी काकडीचे पाणी मिळते. तहान नसली तरी ते प्यावे.

दहा-बारा मिनिटे पुरेशी होतात. छातीत धडधडले, कानात गुणगुणले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता हाक मारावी. पैसे वसूल करण्याची ही जागा नव्हे. उठताना घाई न करता आधी कडेवर बसावे, अंगावरचा चिखल हाताने निपटून टबातच सोडावा आणि मगच उभे राहावे. शॉवरखाली कानामागे, नखांत आणि बेंबीत राख शिल्लक राहते ती नीट काढावी, नाहीतर पुढच्या खनिज पाण्याच्या टबात ती बोचत राहते. वाफेची खोली ऐच्छिक समजावी. चिखलातच दमलेल्याने तो टप्पा वगळला तरी चालतो. चादरीत गुंडाळून पडण्याचा शेवटचा टप्पा मात्र वगळू नये, कारण उतरलेला रक्तदाब त्याच वेळात पूर्ववत होतो.

या स्नानाने शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात, असे पत्रकांवर लिहिलेले असते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. दुखरे सांधे आणि आखडलेली पाठ सैल होते, रात्री झोप गाढ लागते. एवढे पुरे आहे.

वाइन, आणि तीही एकाच ठिकाणी

स्पा संपल्यावर किमान तासभर फक्त पाणी प्यावे आणि काहीतरी खारट खावे. शरीरातून घाम गेलेला असतो, रक्तदाब खालच्या बाजूस असतो, अशा वेळी नेहमीचे दोन घोटही लवकर चढतात. त्यामुळे टेस्टिंगची वेळ तीन-साडेतीनची आणि एकाच वायनरीची घ्यावी. एका टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइन प्रत्येकी दोन-तीन मोठे चमचे इतक्या मिळतात, म्हणजे सगळे घोट घेतल्यास एक भरलेला ग्लास सहज होतो. समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकणे किंवा उरलेली ओतणे हा शिष्टाचाराचाच भाग आहे. दोघांत एक टेस्टिंग वाटून घेता येते का हे विचारण्यात संकोच करू नये.

नापा कौंटीच्या १९९० च्या नियमामुळे त्यानंतर सुरू झालेल्या वायनऱ्यांना आगाऊ वेळ घेतलेल्या पाहुण्यांनाच टेस्टिंग देता येते, तेव्हा वाटेत पाटी दिसली म्हणून आत शिरण्याचा बेत करू नये. निवड करायची तर दोन नावे पुरेत. ‘शातो माँटेलेना’ ही गीझरच्याच रस्त्यावर आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या, लेबले झाकून घेतलेल्या चाचणीत तिच्या १९७३ च्या शार्डने या पांढऱ्या वाइनने फ्रेंच वाइनना मागे टाकले आणि नापाचे नाव जगात पोहोचले. त्या वाइनची द्राक्षे बहुतांशी शेजारच्या सोनोमातील होती, ही गोष्ट नापावाले फारशी सांगत नाहीत. दुसरी ‘श्रॅम्सबर्ग’ : १८६२ पासूनची, डोंगरात खोदलेल्या भुयारांत फसफसणारी वाइन मुरवणारी. अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या बीजिंग भेटीत हीच वाइन ठेवली गेली होती. भुयारात बारा महिने गारठा असतो, तेव्हा स्पाहून निघताना स्वेटर हाताशी ठेवावा. नाशिकमध्ये टेस्टिंग केलेल्यांना एकूण रीत ओळखीची वाटेल. तिथल्या सुला या वायनरीच्या उभारणीत तिचे संस्थापक राजीव सामंत यांना साहाय्य करणारे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की हे शेजारच्या सोनोमातलेच.

मद्यपानाचे वय २१ आहे आणि पांढरे केस असले तरी ओळखपत्र मागितले जाते. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. न पिणाऱ्या पालकांना आणि मुलांना बरोबर येऊ देतात का हे प्रत्येक वायनरीत वेगळे असते, म्हणून आरक्षणाच्या वेळी विचारावे. विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात तापलेल्या गाडीत तासन्‌तास ठेवू नयेत, आणि एकदा उघडलेली बाटली डिकीतच ठेवावी. प्रवाशांच्या जागेत उघडी बाटली असणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. भारतात परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते.

परतताना

गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरलेले असावे आणि त्या व्यक्तीने टेस्टिंगमध्ये भाग घेऊ नये. रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के असली तरी ती गाठण्याआधीही अटक होऊ शकते, आणि व्हिसावर असलेल्यांच्या बाबतीत अशा अटकेनंतर व्हिसाच रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. चालक मिळत नसेल तर गावात मुक्काम करावा. त्यामुळे संध्याकाळी तलावातही पुन्हा उतरता येते.

रविवारी दुपारनंतर २९ क्रमांकाचा महामार्ग सेंट हेलेना गावापाशी मुंगीच्या गतीने सरकतो. सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्यांनी पेट्रिफाइड फॉरेस्ट रोडने डोंगर ओलांडून सांता रोझाला उतरावे आणि तिथून १०१ धरावा. रस्ता वळणावळणाचा आहे आणि मधे मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. गोल्डन गेट पुलावर टोल शहरात शिरतानाच लागतो आणि तिथे रोख रक्कम घेतली जात नाही. भाड्याची गाडी असेल तर टोलची आकारणी कशी होते आणि त्यावर कंपनीचे रोजचे वेगळे शुल्क लागते का, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे.